देवाच्या गळ्यातला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. माझ्यावर आता नाव नाही, नंबर नाही. मी कोणाचा, असे विचाराल तर सांगणार नाही. ही अक्कल मला उशिरा आली. पण ज्यांना आधी यायला हवी होती, त्यांच्या मानाने लवकरच म्हणायची.

पोलादाच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. एका यंत्राने एकेक अक्षर ठोकून माझ्या अंगावर शिपायाचा नंबर, नाव आणि रक्तगट उमटवला. माणसाचा चेहराच ओळखू येईनासा झाला, तर तो कोण हे मी सांगायचे. सैन्यात हे कोणी बोलून दाखवत नाही. मला शर्टाच्या आत घालतात आणि विसरतात.

नऊ वर्षे मी एका शिपायाच्या छातीवर काढली; नाव-गाव बदलून सांगतो, त्याला उन्मेष म्हणू. त्याचे घर पालीजवळच्या गावात. वडील दत्तात्रेय गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, सुवाच्य अक्षराबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. उन्मेष रजेवर आला की त्याची आई मालिनीबाई आधी शर्टावरून मला चाचपून बघत. एकदा हळूच म्हणाल्या, "हा तुझ्याबरोबरच येऊ दे रे. एकटा नको यायला." उन्मेष हसला. मी हसलो नाही. एकटे जाणे हेही माझे काम होते.

गेल्या वर्षी उन्मेष गणपतीला आला. धाकटी बहीण अवनी हिने सजावट स्पर्धेसाठी सरहद्दीची आरास केली होती. पुठ्ठ्याचे डोंगर, कापसाचा बर्फ, मध्ये बाप्पा. बाप्पाच्या गळ्यात काय घालावे, याचा विचार करताना तिची नजर माझ्याकडे गेली.

"अगं, हा असा काढायचा नसतो," उन्मेष म्हणाला.

"देवाच्या गळ्यात राहील," गुरुजी म्हणाले. "याहून सुरक्षित जागा कुठली दाखव मला."

देवापुढे शिपाई काय बोलणार? मी बाप्पाच्या गळ्यात गेलो. अवनीने माझे जवळून चित्रण केले, अक्षर न् अक्षर वाचता येईल असे, आणि ते स्पर्धेसाठी इंटरनेटवर टाकले. खाली मतांसाठी घरचा फोन नंबर दिला. गावाने फार कौतुक केले. कौतुकात कोणी मागे राहत नाही.

चौथ्या दिवशी उन्मेषची रजा संपली. तो मला मागू लागला, तेव्हा गुरुजींनी हात आडवा धरला. उत्तरपूजेआधी देवाच्या अंगावरचे काढत नाहीत. "विसर्जन झालं की पोस्टाने पाठवतो," ते म्हणाले. मी पाहत राहिलो आणि उन्मेष मोकळ्या गळ्याने निघून गेला. अवनीने तेही जगाला कळवले : दादा सरहद्दीवर, बिल्ला बाप्पाजवळ. त्यावर लोकांनी हात जोडल्याची पुष्कळ चित्रे पाठवली.

विसर्जन झाले. पण आराशीला पहिला नंबर आला आणि बक्षीस समारंभात आयोजकांना खरा बिल्ला दाखवायचा होता. म्हणून पोस्टाने पाठवणे लांबले. समारंभानंतर मी भिंतीवर, प्रशस्तिपत्रकाशेजारच्या खिळ्यावर लटकलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गुरुजींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पलीकडचा साहेब फार अदबीने बोलत होता. त्याने उन्मेषचा नंबर सांगितला, रक्तगट सांगितला. मग म्हणाला, "गुरुजी, धीर धरा. हजेरीत तुमचा मुलगा सापडत नाही. इथे एक जवान बेशुद्ध आहे, पण गळ्यात बिल्ला नाही. ओळख पटवायची कशी?"

मालिनीबाईंनी माझ्याकडे पाहिले. "अहो, तो इथे आहे ना," एवढेच म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मी खिळ्यावरून पडलो असतो तरी बरे झाले असते.

साहेब ओळख पटवण्यासाठी एकेक विचारत गेला. तुकडी कुठे आहे, तिथून कधी हलणार, बरोबर कोण कोण. रजेवर आलेला मुलगा जेवताना जे जे बोलला होता, ते ते गुरुजींनी सांगितले. आयुष्यभर त्यांनी मुलांना बजावले होते, उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे. त्यांनी पूर्ण वाक्यात दिले. पलीकडे लिहून घेणे चालले होते. मग फोन बंद झाला.

संध्याकाळी उन्मेषचा रोजचा फोन आला. "आई, जेवलात का?"

मालिनीबाईंनी पोटच्या पोराला विचारले, "आपण कोण बोलताय?"

सैन्यातून असा फोन कोणी केलाच नव्हता. सगळे ऐकून उन्मेष थेट वरिष्ठांकडे गेला. तुकडीचा मुक्काम हलवावा लागला. चौकशीत त्याने चूक आपल्या एकट्याची म्हणून सांगितली. बढतीच्या यादीतून त्याचे नाव गेले, आणि त्याला नवा बिल्ला मिळाला.

इकडे गुरुजी मला घेऊन विहिरीवर गेले. जांभ्याच्या दगडावर ते मला तीन दिवस घासत होते. अवनी म्हणाली, "बाबा, द्या, मी घासते." त्यांनी दिले नाही. सुवाच्य अक्षरासाठी जन्मभर मुलांच्या हातावर छड्या मारणारा माणूस एकेक अक्षर पुसत होता. रक्तगटापाशी त्यांचा हात थोडा थांबला. मग तेही अक्षर पुसले गेले.

प्रशस्तिपत्रक अजून भिंतीवर आहे. पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि बिल्ला कुठाय म्हणून विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी सरहद्दीवर असेल, तर त्याचा अभिमान जरूर बाळगा. त्याचा नंबर, त्याचा ठावठिकाणा मात्र त्याच्याजवळच राहू द्या. देवाला तो तसाही ठाऊक असतो. त्याच्या गळ्यात बांधावा लागत नाही.

मी आता कपाटात, बटणांच्या डब्यात असतो. तिथून फोन ऐकू येतो. परवा उन्मेष फार थकलेला वाटला. म्हणाला, "आई, मीच आहे गं."

"ते राहू दे," मालिनीबाई म्हणाल्या. "लहानपणी रातांब्याच्या झाडावरून पडलास, तेव्हा कुठला हात मोडला?"

"डावा."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता सांग, जेवलास का?"