उजवा मागचा

स्पीकर काय, कुणीही बसवतो. भिंतीला भोक पाडायचं, पट्टी ठोकायची, वायर ओढायची, झालं. पण कानसेन स्पीकर बसवत नाही, आवाज बसवतो, असं त्याची गिऱ्हाइकं म्हणायची आणि तो त्यांना म्हणू द्यायचा. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. घरात चहूबाजूंनी घुमणारा सिनेमा हवा असेल तर कानसेनलाच बोलवा, अशी ख्याती. ख्यातीचं एक वाईट असतं: ती माणसाच्या आधी घरात शिरते आणि माणूस निघाला तरी तिथेच बसून राहते.

त्याची रीतही तशीच नाटकी. इतर कारागीर वायरांच्या टोकांना रंगीत चिकटपट्ट्या लावतात, म्हणजे डावी कुठली आणि उजवी कुठली ते कळतं. हा लावायचा नाही. टोकं हाताला येतील तशी मशीनच्या पाठीत खोचायची, मधल्या खुर्चीत बसायचं आणि डोळे मिटायचे. मशीन एकेका स्पीकरमधून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा फस्स आवाज सोडायचं. हा डोळे न उघडता त्या दिशेला बोट दाखवायचा. "हा उजवा मागचा. पण मशीन म्हणतंय डावा. म्हणजे टोकं उलटी गेलीत. बदल." मशीनपाशी उकिडवी बसलेली बायको टोकं बदलायची आणि गिऱ्हाईक गार पडायचं. चिकटपट्टीने जे काम फुकटात झालं असतं, त्याची अशी इज्जत व्हायची.

आणि आता तो कान गेला होता.

उजवा. एका सकाळी तो उठला तेव्हा त्या कानात कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं, आणि कापसाच्या पलीकडे एक बारीक शिट्टी. सर्दी असेल म्हणून त्याने वाफ घेतली, मग तेल घातलं, मग मान वाकडी करून कान बडवला. कापूस हलला नाही. तीनेक आठवडे होऊन गेले होते.

एक कान गेला की निम्मं ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आवाज बहुतेक येतात, पण सगळे एकाच दाराने येतात. रस्त्यात मागून हॉर्न वाजला की कानसेन डावीकडे वळायचा आणि गाडी उजवीकडून अंगाला चाटून जायची.

डॉक्टरकडे का गेला नाही? डॉक्टर काय सांगेल ही एक भीती होतीच. त्याहून मोठी भीती दवाखान्याच्या बाकावर कोण भेटेल ही. कानसेन कानाच्या दवाखान्यात, एवढी बातमी पुरे होती. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं म्हणून त्याने बायकोपासूनही मूठ झाकली. पंख्याचा वारा लागतो म्हणून पलंगाची बाजू बदलली. फोन डाव्या कानाला लावू लागला. गाडी तो चालवायचा आणि बायको डावीकडे बसायची, तेवढं नशीब. मधल्या दोन कामांत त्याने वायरांवर बॉलपेनने चोरून ठिपके काढले आणि खुर्चीत डोळे मिटून नुसतं नाटक केलं. नाटक वठलं. चोरी पचली की माणसाला ती सवय वाटू लागते.

पुढचं काम एका वकीलबाईंकडे होतं. तिथे मात्र तो आत शिरला आणि त्याची पाचावर धारण बसली.

समोरच्या तीन स्पीकरांच्या वायरा उघड्या होत्या, त्यांची चिंता नव्हती. मागच्या दोन स्पीकरांच्या वायरा रंगकामाच्या वेळी भिंतीत पुरून टाकल्या होत्या, आणि मशीनपाशी त्यांची दोन पांढरी टोकं उंदराच्या शेपटांसारखी शेजारी शेजारी लोंबत होती. दोन्ही सारखी.

"इलेक्ट्रिशियनने खूण नाही केली?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"करत होता," वकीलबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, राहू दे. कानसेन येणार आहेत, त्यांना खुणा लागत नाहीत. बरोबर ना?"

"बरोबर," कानसेन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

खोली अंधारी करण्यासाठी पडदे ओढले होते. एका बाजूच्या खुर्चीत वकीलबाईंचे वडील बसले होते. त्यांनी उभी हयात सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवला होता आणि आता घरीच थिएटर होणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "आमच्याकडे एकच स्पीकर होता, पडद्यामागे," त्यांनी कानसेनच्या बायकोला सांगितलं. "बाकीचा आवाज पब्लिक करायचं."

कानसेनने पिशवीतून छोटा माइक काढला आणि खुर्चीच्या पाठीवर उभा केला. हा माइक प्रत्येक स्पीकरचा फस्स ऐकून तो किती लांब आहे, किती मोठा वाजतो, ते मशीनला कळवतो. डावं-उजवं मात्र त्याला कळत नाही. त्यालाही एकच कान असतो. हे कानसेनला आजवर कधी इतकं जवळून जाणवलं नव्हतं.

"हे मशीनच करणार?" वकीलबाईंनी विचारलं. "मग तुम्ही काय करणार?"

"मशीन मोजतं. ऐकायचं मलाच."

"तेच म्हटलं. माझ्या भावाकडे तुम्ही डोळे मिटून सांगितलं होतंत. तो अजून सगळ्यांना सांगत असतो. बाबांनाही बघायचंय."

तो खुर्चीत बसला. डोळे मिटले. गळ्यापाशी घामाचा एक ओघळ सुटला आणि कॉलरमध्ये मुरला. समोरचा डावा वाजला, मधला वाजला, उजवा वाजला, आणि तिन्ही त्याला डाव्या कानाशी येऊन चिकटले. मग मशीनच्या पडद्यावर बायकोने वाचलं, "आता उजवा मागचा."

फस्स.

आवाज आला. कुठून आला? त्याने मान किंचित वळवली, मग किंचित उलटी. डावीकडून. पण सगळंच डावीकडून येत होतं. शिट्टी वाढली होती, की छाती धडधडत होती? त्याने पापणीच्या फटीतून बायकोकडे पाहिलं. ती आवाजाच्या दिशेला बघत असती तरी भागलं असतं. पण ती त्याच्या बोटाकडे बघत होती. संसार सुरू झाल्यापासून या कामात तिने स्वतः दिशा ऐकायची तसदीच घेतली नव्हती. त्याचं बोट असताना गरज काय? आता ते बोट हवेत अडकलं होतं आणि तीन माणसं त्याच्याकडे बघत होती.

बोट डावीकडे गेलं.

"हा डावीकडून येतोय. टोकं उलटी आहेत. बदल."

बायको हलली नाही. "नक्की?" तिने विचारलं.

असं तिने पूर्वी कधी विचारलं नव्हतं. कानसेनने आवाज चढवला. "बदल म्हटलं ना."

तिने बदललं.

सिनेमा लावला. पडद्यावर एक लांबलचक रस्ता, त्यावरून एक मोटारसायकल समोरून आली आणि उजव्या कडेने बघणाऱ्यांच्या मागे निघून गेली. कानसेनने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो चेहरे बघत होता. निकाल तिथे लागणार होता.

म्हाताऱ्यांनी डावीकडे मान वळवली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. "गाडी या बाजूने गेली," ते म्हणाले, "आणि आवाज त्या बाजूने. मध्येच उडी मारली की काय तिने?"

वकीलबाईंनी तोच तुकडा पुन्हा लावला. मोटारसायकल पुन्हा गेली. बाई उभ्या राहिल्या. कोर्टात साक्षीदारासमोर अशाच उभ्या राहत असतील.

"कानसेन, हे बरोबर आहे?"

"अगदी बरोबर," त्याने सांगितलं.

 

"चूक माझी," बायको म्हणाली. ती उठलीसुद्धा होती. "ते समोरच्या जोडीचं बोलत होते. मी मागची बदलली. अंधारात गडबडले."

"मला तर ते मागच्याचं म्हणाल्यासारखं वाटलं."

"नाही हो बाई. हे असंच तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि मला मेलीला अर्धंच ऐकू येतं."

म्हातारे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. कामात लक्ष हवं, एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या हाताखाली असलं तर जास्तच हवं, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. कानसेनने फक्त एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही. आपल्या वाटचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात पडताना बघणं सोपं असतं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने बघून पाहावं.

टोकं परत बदलली. मोटारसायकल उजवीकडून गेली आणि उजवीकडूनच विरली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, दोघं पिशव्या उचलून निघाले.

जिना अरुंद होता. तो पुढे, ती मागे, त्याच्या उजव्या खांद्याशी. खालच्या वळणावर पोचल्यावर त्याला जाणवलं की आपल्याबरोबर कुणी उतरत नाहीये. त्याने वर पाहिलं. ती मधल्याच पायरीवर उभी होती.

"काय झालं?"

"मी काय म्हणाले?"

"कधी?"

"आत्ता."

त्याने अंदाज बांधला. अंदाज बांधण्यात तो आता पटाईत झाला होता. "पिशवी जड आहे म्हणालीस."

ती हळूहळू खाली आली. तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दोनदा 'अहो' म्हटलं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नावाने हाक मारली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. आज घेतलं, आणि ते त्याला मिळालंच नाही. तो पायरीवर बसला.

"पंख्याचा वारा म्हणे," ती म्हणाली. "कधीपासून?"

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न हाच विचारला, "कधीपासून?" उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "असा अचानक गेलेला कान त्याच दिवशी दाखवायचा असतो. सुरुवातीलाच औषध लागू पडतं. आता प्रयत्न करू. आधी तपासू, किती उरलाय ते."

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. भिंतींना आवाज गिळणारा जाड नमदा, एक काच, एक खुर्ची. कानावर हेडफोन चढले, हातात बटण आलं. "आवाज आला की दाबायचं," काचेपलीकडच्या मुलीने सांगितलं.

डावा कान झटपट झाला. टिंव आलं, दाबलं. बारीक आलं, दाबलं. मग तिने इशारा केला: आता उजवा.

काही आलं नाही. नुसती शिट्टी. पण काचेतून त्या मुलीचा खांदा दिसत होता, आणि आवाज सोडताना तो दर वेळी किंचित हलत होता. आयुष्यभर असलेच आवाज वाजवलेल्या माणसाला त्याचा ताल समजायला कितीसा वेळ लागणार? खांदा हलला. अंगठा बटणावर टेकला. दाबलं असतं तर कागदावर कान चांगला निघाला असता. कान गेला असता तरी कागद राहिला असता.

मुलीच्या मागे, बाकावर, बायको बसली होती. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

कानसेनने डोळे मिटले. अंगठा उचलला आणि मांडीवर ठेवला, म्हणजे चुकूनही दाबला जाणार नाही. अंधारात शिट्टी चालूच राहिली, आणि तिच्यापलीकडे, जिथे जग असायला हवं होतं तिथे, काहीच नव्हतं. इतका तो लहानपणीही भ्याला नसेल. तो थांबला. पुष्कळ थांबला.

दार उघडलं. "काहीच ऐकू आलं नाही का?" मुलीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आपल्या कानाबद्दल हा शब्द त्याने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटला होता.

मुलीने कागदावर लिहून घेतलं. तो बाहेर आला तेव्हा बायको उठली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि काही न विचारता त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.