उचललेली जीप

संयोगितानं कागद टेबलावरून परत अधिकाऱ्याकडे सरकवला.

"ही जीप मी कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही, साहेब."

"पण कर्ज तुमच्या नावावर आहे, मॅडम. हप्ते थकले म्हणून कंपनीनं गडहिंग्लजच्या स्टँडवरून गाडी उचलली. सिबिलमध्ये तीच नोंद बँकेला दिसते."

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या या फायनान्स कंपनीत ती चौकशीला आली होती. ती एका खाजगी दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यापासून लेकीला, साक्षीला घेऊन भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेली. मंगळवार पेठेतल्या मालकानंही आता दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं. स्वतःच्या दोन खोल्या घ्यायच्या म्हणून तिनं बँकेत अर्ज केला आणि बँकेनं ही जीप पुढं करून तो अडवला.

"नोंद काढायची कशी?"

"सही तुमची नसेल तर पोलिसांत फिर्याद द्या. प्रत आम्हाला आणून द्या. आम्ही वर कळवतो, नोंद निघते."

"आणि फिर्याद नाही दिली तर?"

"मग सही तुमचीच."

सही कुणी केली असेल, हे तिला जीपचं नाव ऐकताच कळलं होतं. वडिलांच्या ऑपरेशनला लागतात म्हणून धाकट्या भावानं, संग्रामनं, तिच्याकडून पगाराचे दाखले आणि फोटो नेले होते. त्याच वर्षी तो जीपमध्ये प्रवासी भरून नेसरी-गडहिंग्लज वडाप करू लागला. गाडी मित्राची आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

रविवारी ती माहेरी, नेसरीला गेली. संग्राम गोठ्यात म्हशीची धार काढत होता. ती बोलत होती तोवर त्याचे हात थांबले नाहीत. चरवी बाजूला ठेवून मगच तो उठला.

"व्हय. मीच केली सही. माझ्या नावावर कोण देतंय कर्ज? वाटलं, फेडून टाकीन. तुला कळायचंबी न्हाय."

"आता कळलं."

"मग दे की फिर्याद. मी येतो संगं."

त्यांची आई, चिमणाबाई, दारात येऊन उभी राहिली.

"एकच भाऊ हाय बाई तुला. त्याला पोरंबाळं हायत."

"मला पण लेक हाय, आई."

चिमणाबाईनं दोघांना वाढलं. पण लेकीला आणखी काय हवं, ते तिनं विचारलं नाही.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एस्टीनं बहीणभाऊ कोल्हापूरला निघाले. संग्रामच्या बायकोनं पिशवीत त्याचा जादा शर्ट घातला होता. त्यानं खिडकीची जागा आक्काला दिली. साक्षीची दहावी कशी चाललीय, गणित जमतंय का, असं विचारत राहिला. तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पोलीस ठाण्यात हवालदारानं दोघांचं ऐकून घेतलं आणि तो हसला.

"फिर्यादी आणि आरोपी एकाच एस्टीनं आलाय व्हय? अवो ताई, सख्खा भाऊ हाय. घरात मिटवा. एकदा लिवलं की मला ह्याला आत घ्यावा लागतोय. जावा, बाहेर बसून इचार करा."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. संग्रामनं पिशवी मांडीवर घेतली. चल, घरी जाऊ, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. मग तिला साक्षीची पुस्तकं आठवली. पुन्हा हलायचंच आहे म्हणून पोरीनं ती खोक्यातून बाहेरच काढली नव्हती. संयोगिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"आक्का, तू जा आत," समोर बघतच संग्राम म्हणाला. "मी हितंच हाय. पळून जात न्हाय."

ती उठली.

"मिटलं न्हवं?" हवालदारानं विचारलं.

"नाही. लिहून घ्या."

त्यानं सुस्कारा सोडून कागद ओढला. डॉक्टरांना पेशंटचा ताप सांगावा तसं ती एकेक सांगत गेली. भावाचं पूर्ण नाव सांगताना तिचा आवाज हलला नाही. शेवटी हवालदार खुर्ची मागं सारून उठला.

"कुठाय तो?"

"बाकावर बसलाय." ती दारात आडवी आली. "जरा थांबा, साहेब. सकाळपासून उपाशी आहे तो. मी त्याला जेवायला घालून आणते."