आवळ बघू

बॉक्सिंगच्या त्या क्लबात सगळे तिला ताई म्हणत. ती मास्तरांची मुलगी, आणि खेळाडूंच्या हातांना पट्ट्या बांधणं हे तिचं काम. ग्लोव्हज चढवण्याआधी बोटांची नि मनगटाची हाडं पट्टीत नीट धरून ठेवावी लागतात. पट्टी सैल राहिली तर हाड मोडतं, फार घट्ट झाली तर बोटांना मुंग्या येतात. तिच्या हातची पट्टी कधी सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

जड ठोशांमुळे ज्याला सगळे हातोडा म्हणत, तो एकटा तिला ताई म्हणत नसे. तो शब्द ओठांवर आला की त्याला खोकला यायचा. त्या खोकल्याचा अर्थ अख्ख्या क्लबाला ठाऊक होता, तिलाही. पट्टी बांधून झाली की ती त्याची मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरायची आणि म्हणायची, "आवळ बघू." तेवढ्या शिदोरीवर गडी दिवसभर बॅग बडवायचा.

मग डावरा आला. डाव्या हाताचा, बोलका, सदा हसरा. सुरुवातीला तोही ताईच म्हणायचा. एके दिवशी मात्र तो नुसतंच म्हणाला, "अगं, जरा सैल वाटतेय." तिकडे दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या हातोड्याचा पाय दोरीत अडकला. त्याने वळून पाहिलं, तर डावऱ्याची मूठ तिच्या दोन्ही तळव्यांत होती आणि ती म्हणत होती, "आवळ बघू."

हातोड्याच्या अंगाची लाही लाही झाली. घास गोड लागेना, झोप उडाली. तो बॅगेवर असा तुटून पडायचा की पोरं विचारायची, आज बॅगेवर कुणाचं तोंड दिसतंय रे?

त्याच सुमारास पाण्याच्या टाकीपाशी तिने त्याला गाठलं. डावऱ्याच्या उजव्या कुशीतली बरगडी मागच्या लढतीत दुखावली होती आणि अजून कच्ची होती. त्याने हातापाया पडून तिला गप्प राहायला लावलं होतं, नाहीतर स्पर्धेच्या निवडीतून नाव गेलं असतं. "बाबांनाही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तुलाच सांगतेय. तिथे जोर लावू नकोस."

हातोड्याच्या डोक्यात एकच शिरलं. म्हणजे त्याची दुखणीखुपणीही हीच बघते तर!

निवडीची लढत नेमकी या दोघांतच लागली. पहिल्या दोन फेऱ्या डावऱ्याने त्याला वाऱ्यामागे धावायला लावलं. एकदा तो असा झुकून निसटला की दोरांजवळ बसलेल्या तिच्याही हातून टाळी वाजली. ती टाळी हातोड्याच्या काळजात गेली. तिसऱ्या फेरीत त्याने चेहरा सोडला आणि उजवी कूस धरली. एक ठोसा, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. डावरा गुडघ्यांवर आला तो उठलाच नाही.

पंचांनी हातोड्याचा हात वर केला. त्याने तिच्याकडे पाहिलं. घराची किल्ली ज्याच्या हाती दिली त्यानेच घर धुऊन न्यावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

आतल्या खोलीत ती कात्रीने त्याच्या पट्ट्या कापू लागली. शेवटी त्यालाच राहवेना.

"तू त्याची मूठ धरलीस. माझी धरतेस तशीच."

"सगळ्यांचीच धरते. त्याशिवाय पट्टी कशी बसलीय ते कळणार कसं?"

"मग माझ्यासाठी वेगळं असं काय होतं?"

तिने कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या.

"ती बरगडी," ती म्हणाली. "ती फक्त तुला सांगितली होती."

दुसऱ्या दिवशी तो रांगेत उभा राहिला. डावऱ्याची जागा रिकामी होती. तिने त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्या, अगदी नेहमीसारख्या, ना सैल ना घट्ट. मूठ दोन्ही तळव्यांत धरली.

"आवळ बघू. घट्ट होतेय का?"

"नाही, ताई," तो म्हणाला. खोकला आला नाही.

तिने मान हलवली आणि मागच्याला पुढे बोलावलं.