उंबरदऱ्याची फेरतपासणी

“उंबरदरा येथील सत्त्याण्णव टक्के महिला १२ जानेवारीच्या फेरतपासणीस स्वखुशीने उपस्थित राहिल्या. एकाही महिलेस अपाय झाला नाही.”

धर्मादाय रुग्णालयाच्या गुळगुळीत अहवालातले हे वाक्य नृसिंह धर्माधिकारी यांनी तीनदा वाचले. उंबरदरा ही पाथर्डीच्या पूर्वेची वाडी. दसरा झाला की तिथली धडधाकट माणसे ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परततात. ऐन पौषात तिथे सत्त्याण्णव टक्के महिला गोळा करायच्या म्हणजे अवतारी पुरुषच हवा, आणि रुग्णालयाच्या नोकरवर्गात तसा कोणी असल्याचे धर्माधिकारी सरांच्या ऐकिवात नव्हते.

सर नगरच्या महाविद्यालयात चाळीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. बनावट सनद शाईवरून ओळखू येत नाही, तिथीवरून येते, हे त्यांनी किती पिढ्यांना सांगितले असेल. औषधांचे प्रयोग तपासणाऱ्या रुग्णालयाच्या नीतिसमितीवर कायद्यानुसार एक ‘सामान्य नागरिक’ लागतो. ते बिनदुधाच्या चहाइतकेच निरुपद्रवी पद सरांकडे होते. संमतिपत्राचे मराठी तपासायचे आणि बैठकीचे इतिवृत्त लिहायचे, एवढेच काम.

प्रयोग असा होता. एका दात्याने आईच्या स्मरणार्थ रक्तक्षयाच्या नव्या गोळ्यांसाठी देणगी दिली. निम्म्या गावांना गोळ्या मिळाल्या, उरलेल्या गावांना तुलनेसाठी नुसते आरोग्यविषयक भाषण. उंबरदरा भाषणाच्या वाट्याला आला. मात्र रक्त सगळ्यांचेच तपासले होते, आणि संमतिपत्रात एक वाक्य होते: ‘आपल्या तपासणीचा निकाल आपणांस सात दिवसांत कळवला जाईल.’ ते वाक्य सरांनी स्वतः घडवले होते. त्यातल्या ‘आपणांस’वरच्या अनुस्वाराचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्यांनी मूळ कागद मागवले. कार्ड क्रमांक एकशे सतरा, मोनिका. सप्टेंबरात तिने वळणदार अक्षरांत सही केली होती आणि जानेवारीत अंगठा उठवला होता. चार महिन्यांत लिहिणे विसरायला लावणारा रोग वैद्यकशास्त्राला अजून ठाऊक नसावा. शेजारच्या तक्त्यात सप्टेंबरचे हिमोग्लोबिन होते: ५.८. बाईच्या रक्तात ते बाराच्या पुढे हवे, सातच्या खाली जिवाला धोका. त्या तपासणीला आता वर्ष होऊन गेले होते आणि दसरा दोन दिवसांवर आला होता.

सर एसटीने उंबरदऱ्याला गेले. दारात मोनिकाची सासू गोजरबाई बसली होती.

“जानेवारीत तपासनी? आवो गुरुजी, तवा गावात मी, माजा दमा आन् दावणीची शेळी. शेळीचं रगत नेलं आसंल तर ठावं न्हाई.”

पाण्याची घागर डोक्यावर घेऊन मोनिका आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ओठ पांढरे, पाय सुजलेले.

“आमी कोपरगावाकडं फडात हुतो,” ती म्हणाली. “तितं कोन येतंय?”

“फडात हुती, पर काम कवा केलं ते इच्यारा!” गोजरबाई म्हणाली. “मोळी घेतली की बसती. परत आल्यावर मुकादम मला म्हनला, म्हातारे, सून आनली का पाव्हनी?”

सरांनी आकडा सांगितला. त्याचा अर्थ सांगितला. हा आकडा वर्षापूर्वीच माहीत होता, हेही सांगितले.

गोजरबाई उठली, सुनेच्या डोक्यावरची घागर उतरवून स्वतःच्या कमरेवर घेतली आणि धापा टाकत आत गेली.

“आत्ताच चल पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात,” सर म्हणाले.

“चलते की. पर मी ऱ्हायले तर यांचाबी कोयता मोडतो, घेतल्याली उचल अंगावर येती. जोडप्याचा एक कोयता आसतो, गुरुजी. ऐन निघायच्या टायमाला आनलेला कागुद मुकादम खरा मानत न्हाई. समद्याच आनत्यात. गेल्या सालचा, मोठ्या दवाखान्याचा कागुद आसंल तर मानंल.”

तो कागद जगात एकाच ठिकाणी होता. दुसऱ्या दिवशी नीतिसमितीची बैठक होती.

“या सर, तुमची बखर आणलीत ना?” संचालक डॉ. केदार सबनीस हसून म्हणाले. सरांच्या इतिवृत्ताला ते बखर म्हणत. ती त्यांनी आजवर कधी वाचली नव्हती. बैठक संपली की सही आणि शिक्का, त्यात कधी खंड पडला नव्हता.

सरांनी कार्ड एकशे सतराचा निकाल लेखी मागितला.

“नाही हो. गोपनीयता असते. तुम्ही नियम वाचलेत ना?”

“वाचलेत,” सर म्हणाले. मग चाचणी परीक्षेतल्या मठ्ठ मुलासारखा चेहरा करून त्यांनी विचारले, “एक शंका आहे, डॉक्टर. मी पडलो इतिहासाचा माणूस. तुलनेच्या गटाला निकाल कळवले का नाहीत? आणि जानेवारीचे अंगठे कुठून आले?”

सबनीस खुर्चीत मागे रेलले. सगळी घरचीच माणसे होती. दात्याच्या मातोश्री भिंतीवरून हार घालून पाहत होत्या. डॉक्टर तीनेक मिनिटे मोकळेपणाने बोलले आणि सरांनी एकही शब्द न गाळता लिहून घेतले. त्या मजकुराच्या वर त्यांनी तक्त्यातली ओळ उतरवली: कार्ड, तारीख, ५.८. संचालकांनी घड्याळ पाहिले, न वाचता सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, “तुमचं अक्षर मात्र देखणं हं, सर.”

सरांनी मूळ प्रत धर्मादाय आयुक्तांकडे पाठवली. छायाप्रत घेऊन ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपने उंबरदऱ्यात पोचले. ट्रक भरत होता. मोनिकाचे बोचके वर चढले होते.

मुकादम श्रीमंतने कागद उलटसुलट केला. शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मोनिकाच्या पिवळ्या कार्डाशी क्रमांक ताडला, सरांना आकड्याचा अर्थ विचारला. मग फडातली मोळी आठवल्यासारखा मोनिकाकडे बघत राहिला.

“हिचं बोचकं खाली घ्या रं,” तो म्हणाला. “ह्या जोडीचा कोयता म्या न्हाई मोजत. दवाखान्यात न्या हिला.”

“फुडं काय लिवलंय?” गोजरबाईने विचारले.

“फुडं डाक्टरचं बोलनं हाय. तुला काय करायचंय?”

“वाच. मोठ्यानं वाच. ट्रकात बसल्यात त्यास्नीबी ऐकू जाऊ दे.”

ट्रकातल्या बायका ओणवल्या. आधारकार्डाच्या पिशवीतून एकीने रुग्णालयाचे पिवळे कार्ड काढले, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. श्रीमंतने घसा खाकरला आणि शाळेत धडा वाचावा तसा वाचू लागला:

“‘निकाल कळवले असते तर त्या औषध घ्यायला गेल्या असत्या. मग आमच्या गोळ्यांची तुलना कशाशी करायची? तोडीच्या बायका निवडल्या त्या त्याचसाठी. सहा महिने गावातच नसतात, विचारायला कोण येणार? जानेवारीचे अंगठे आमच्याच शिपायांचे आहेत. एकशे सतराचं काय घेऊन बसलात, सर, सगळ्यांचे आकडे पहिल्याच आठवड्यात आमच्या टेबलावर होते.’”