मला कागद लावू नका!

हसू नका हं, मित्रांनो! मी जुनी आहे, माझ्या एका पात्याला खाच आहे, मुठीवरचा काळा रंग उडालाय. पण मी कापड बेतणारी कात्री आहे आणि माझा राग मात्र अजून नवाकोरा आहे. तो कोणावर, तेच तर सांगायचंय.

माझा जन्म मेरठचा. तिथून मी नाशिकच्या मेनरोडवर एका दुकानात आले आणि यशोदाबाईंनी मला उचललं. मला हवेतच उघडमीट करून त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही बोलती बरं का!" झालं, तेव्हापासून मी त्यांची.

यशोदाबाई देवळाली कॅम्पात धनराजशेठच्या दुकानात कापड बेतायच्या. फौजी साहेबांचे कोट, त्यांच्या बायकांचे ब्लाउज. खडूची रेघ पुढे आणि मी तिच्यामागे सर्रकन! गिऱ्हाइकं खूश व्हायची, आणि शेठ खुशाल सांगायचा, "कटिंग तो मेराही है, मॅडम!" यशोदाबाई पुढचं कापड पसरायच्या. मी टेबलावर पडून त्याच्या मिशा बघत राहायचे. एवढ्या जवळ होत्या हो!

मग सत्त्याण्णव साली शेठनं टाइप केलेला स्टॅम्पपेपर पुढे सरकवला. "कंपन्यांत असंच असतं बाई, करा सही." त्यात लिहिलं होतं, काम सोडल्यावर तीन वर्षं नाशिक जिल्ह्यात कुठेही शिवणकाम किंवा बेतकाम करणार नाही. दुकानात गर्दी, शेठची घाई. यशोदाबाईंनी सही केली. शेठनं त्यांना द्यायची कराराची प्रत घेतली, तिची खालची कोरी पट्टी लांब वाटली म्हणून मला उचललं आणि कच्चकन कागद कापला!

"अहो शेठ, तिला कागद नका लावू!" यशोदाबाई ओरडल्या.

"कात्रीच आहे ना? का देव्हाऱ्यातली मूर्ती?"

मित्रांनो, कापडाच्या कात्रीला कागद लावला की धार मरते, हे शिंप्याच्या घरचं शेंबडं पोरही जाणतं. दुसऱ्या दिवसापासून मी रेशीम चावायला लागले. सायकलवरून येणाऱ्या धारवाल्या मोतीरामनं मला पाहिलं नि विचारलं, "हिला कागद कुणी दाखवला?" त्यानं घासून घासून धार आणली, पण खाच राहिली. तेव्हाच मी ठरवलं, तो कागद माझ्या पात्यात सापडू दे एकदा!

पुढे एका साहेबिणीसमोर शेठ म्हणाला, "ही बाई? ही फक्त बटणं लावते." यशोदाबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि दुकानाची पायरी उतरल्या. स्वतःच्या दुकानासाठी बाजारातच एक खोली बघितली. तेवढ्यात शेठच्या वकिलाची नोटीस आली, आणि मागोमाग मनाई हुकमासाठी दावा. बेतणारीच्याच जिवावर बेतलं! घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं. मला मेणकापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. अंगावर गंज चढत होता, आणि बाहेरून यशोदाबाईंचा आवाज यायचा, "सही केली ना मी. आता काय बोलायचं!"

त्यांची मुलगी मनाली दहावीत होती, भारी हट्टी. "आई, वकिलाला विचारायला काय जातं?" म्हणत तिनं आईला संध्याताई वकिलांकडे ओढत नेलं. ट्रंकेतून काढलेली मीही पिशवीत होते.

"काकू, तुम्ही त्यांच्याकडे होतात तेव्हा दुसऱ्याकडे काम करू नका, ही अट चालते," संध्याताई म्हणाल्या. "त्यांची मापं, त्यांचं कापड पळवलंत, तरी ते ओरडू शकतात. पळवलंय का काही?"

"नाय बा! कात्री माझी, हात माझा."

"मग संपलं. काम सोडल्यावरही धंदा करायचा नाही, ही अट रद्दबातल. करार कायदा, कलम सत्तावीस."

"पण सही केलीया मी."

"तुम्ही सही केलीत म्हणून कायदा बदलत नाही, काकू!"

आई गं! पिशवीतल्या पिशवीत मी उघडले!

कोर्टानं मनाई हुकूम नाकारला. शेठचा चेहरा गरम पाण्यात भिजवलेल्या सुती कापडासारखा आक्रसला. बाहेर येताच मनाली म्हणाली, "आई, तो कागद दे, कात्रीनं तुकडे करते." माझी पाती शिवशिवली. पण यशोदाबाई म्हणाल्या, "अन् धार घालवू व्हय? ठेव तो मशीनखाली, तेल गळतंय." दुकान उघडलं, अगदी शेठच्या समोर!

खरी मजा पुढेच. वर्षही झालं नसेल, शेठ आमच्या दारात उभा. हातात एका साहेबांचा कोट. नव्या मास्तरनं दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या होत्या!

"यशोदाबाई, उद्या साहेबांची पार्टी आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

यशोदाबाईंनी कोट नीट पाहिला, घडी घातली आणि परत दिला. "जमतं ओ शेठ. पण काम सोडल्यावर तीन वर्षं नाशिक जिल्ह्यात तुमच्यासाठी कसं बेतू? तुमच्याच कागदावर लिवलंय. या मग तीन वर्षांनी!"

सगळा बाजार हसला. मी तर इतकी चमकले की शेठनं डोळे मिटले.

तर मित्रांनो, सही करण्याआधी वाचा, आणि सही केली असली तरी विचारायला लाजू नका. आणि हो, कापडाच्या कात्रीला कधीही कागद लावू नका. फक्त तो एक सोडून! अजून मशीनखाली तेल पीत पडलाय. यशोदाबाईंची नजर चुकली, की मनाली आहे आणि मी आहे.