शकुनाचं दही

प्रल्हादरावांची आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन, असं त्यांची बायको सुलभा म्हणायची. निवृत्त झाल्यावर क्युपर्टिनोचं घर विकून दोघं त्यात राहायला गेली, तेव्हा मित्रमंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. त्यातून सुलभाला पार्किन्सन्स. पण हात थरथरायला लागल्यावर तीच म्हणाली होती, "पाय चालतायत तोवर हिंडून घेऊ." प्रल्हादरावांनी जन्मात बायकोचं फारसं ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं, आणि इतके सुखाचे दिवस आपण आधी पाहिले नव्हते असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

एकच गोष्ट नडत होती. मुक्काम असेल तेव्हा सुलभा छान असायची. सकाळची गोळी घेऊन नदीकाठी फेरी मारायची, शेजारच्या गाडीतल्या बायकांना कांदेपोहे खिलवायची. गाडी हलवायच्या दिवशी मात्र गोळी जणू लागूच पडायची नाही. पाय जमिनीला चिकटायचे, पाऊल उचलता उचलायचं नाही. प्रल्हादराव तिला धरून हायवेवरच्या रेस्ट एरियाच्या बाथरूमपर्यंत न्यायचे, तोंडाने "होतं गं असं" म्हणायचे आणि मनातून पार हादरायचे.

हे अ‍ॅशबर्नच्या लेकीला, प्रीताला कळलं आणि तिचा फोन आला. "बाबा, आईला ट्रॅव्हल सूट होत नाहीये, इट्स ऑब्व्हियस. आरव्ही सेल करा आणि इकडे या. बेसमेंट रेडी केलंय."

"तळघरात ठेवायला मी काय लोणच्याची बरणी आहे?" सुलभा मागून ओरडली.

प्रल्हादरावांना हसू आलं नाही. तेव्हा त्यांचा मुक्काम युटामध्ये होता. कोलोरॅडोपर्यंतचा पल्ला गाठू, तेव्हाही पाय अडले तर गाडी विकू, असं त्यांनी ठरवलं आणि बायकोला सांगून टाकलं. ती एरवी दहा वाक्यं बोलली असती. नुसतं "बरं" म्हणाली, आणि ते त्यांना फार लागलं.

निघायच्या सकाळी आणखी एक विघ्न. दही लागलंच नव्हतं. पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं, पण थंडी अशी की आत नुसतं दूध. आता, घरातून निघताना हातावर दही ठेवायचं हा प्रल्हादरावांच्या आईचा शिरस्ता. तो त्यांनी आरव्हीत चालू ठेवला होता, आणि बायकोच्या बाबतीत हात सढळ. तिला गोळीबरोबर वाटीभर दहीसाखर. स्वतः मात्र बोटावर घेऊन चाटायचे, कारण दही त्यांना आवडत नसे.

"आज नको निघायला," ते म्हणाले. "शकुनच नाही."

"पाण्याबरोबर घेते गोळी. चला आता!"

रेस्ट एरियाला गाडी थांबली. नेहमीसारखं धरायला म्हणून प्रल्हादराव वळसा घालून पलीकडे गेले, तर सुलभा आधीच उतरलेली. हात थरथरत होते, पण पावलं पडत होती. एकटी गेली, एकटी आली, वर मशीनमधून त्यांच्यासाठी चिप्सचं पाकीट घेऊन आली. प्रल्हादरावांचे डोळे भरून आले. ते पुसताना मात्र त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. आज वेगळं काय झालं?

त्यांनी क्लिनिकच्या नर्सला फोन लावला आणि योगर्टचं विचारलं. गोळीच्या वेळी प्रोटीन नको, त्याने गोळी लागू पडत नाही, असं तिनेच मागे बजावलं होतं, आणि प्रल्हादरावांनी दूध, वरण, अंडी यांच्यावर सकाळी हवालदारासारखा पहारा ठेवला होता. योगर्टही त्यातच येतं, नर्स म्हणाली, तुम्ही देत होतात का?  प्रल्हादरावांच्या लेखी ते दही खाण्यातलं नव्हतं, शकुनाचं होतं. पण शकुनाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना.

पुढे दोनदा गाडी हलवली, तेव्हाही गोळी पाण्याबरोबरच दिली. पाय चालले. आजार कुठे जाणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दोष रस्त्याचा नव्हता.

"योगर्ट? सीरियसली, बाबा?" प्रीता फोनवर हसत सुटली. मग म्हणाली, "ओके. पण रोज कॉल करायचा."

"करतो. आणि बेसमेंट नीलच्या ड्रमसेटला दे." नील म्हणजे तिचा मुलगा, आणि घरातल्या गोंगाटाचं उगमस्थान.

कोलोरॅडोतून निघायच्या सकाळी सुलभा सीटवर बसली. प्रल्हादराव दारात घुटमळत होते. हाडात मुरलेली सवय, सुटता सुटेना.

"नुसतं बोटभर ठेवू का गं तळहातावर? घरातून निघताना असं कोरडं..."

"अहो, दही घर सोडून निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात," सुलभा म्हणाली. थरथरत्या हातांनी ती पट्टा अडकवत होती. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. "आपण कुठे घर सोडून चाललोय?"

प्रल्हादराव मुकाट्याने आत चढले आणि त्यांनी घर सुरू केलं.