एकीचं की दोघींचं

आर्तेमिस देवीच्या देवळातली मुलीची संगमरवरी मूर्ती आम्ही दोघी बहिणींनी मिळून वाहिली, असं फिलिन्ना गावभर सांगत सुटली होती आणि ते ऐकून नान्नोच्या अंगाचा तिळपापड होत होता. मिळून म्हणे! चार हिवाळे मागावर बसून, कंबर मोडून मूर्तीचे पैसे जमवले ते नान्नोने. ही सटवी तेव्हा ओढ्यावर खेळत होती. पण गावची रीत अशी, की मूर्ती ज्या घरची, त्या घरच्या नातीने उत्सवात देवीची टोपली डोक्यावर घ्यायची. नान्नोची नात मेलित्ता यंदा बारा वर्षांची. पुढच्या साली ती मोठी ठरणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि मूर्ती दोघींची ठरली, तर फिलिन्नाची नातही टोपलीवर हक्क सांगणार.

खरं काय ते मूर्तीखालच्या दगडावर होतं. पण भूकंपात दगड फुटला. उरली एक ओळ, तीही मधे झिजलेली, फक्त दोन टोकं शाबूत. नान्नोला अक्षरओळख नाही. दगड कोरून घेतला बापाने, आणि बापाचा सगळा जीव धाकटीवर. त्याने हळूच तिचंही नाव घुसवलं असणार, हा राग नान्नोने चाळीस वर्षं जपला होता.

"उद्या सगळ्यांसमोर वाचतो," पाथरवट देक्सिओस विहिरीवर म्हणाला. "सोपं आहे. ओळीच्या शेवटून दुसरं अक्षर बघायचं. फणीसारखं असेल, तर एकीनं वाहिलं. पाय फाकून उभं असेल, तर दोघींनी."

"दोघींनीच!" फिलिन्ना म्हणाली. "बाबा मला विसरतील होय?"

"तू गप गं, आयतखाऊ!" नान्नो म्हणाली.

भर दुपारी गाव झोपलं तेव्हा नान्नो देवळात गेली. ओळीच्या उजव्या टोकाला तिने बोट लावलं. शेवटून दुसरं अक्षर चांगलं पाय फाकून उभं होतं. "बाबा, मेल्यावरही तुम्ही तिचेच!" ती म्हणाली आणि हातोडा घातला. देवीचा दगड फोडणाऱ्या घराला देवळाचा उंबरठा कायमचा बंद, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने कोपरा ठेचून ठेचून भुगा केला आणि समुद्रात टाकला.

सकाळी देक्सिओस दगडापुढे बसला. "हा कोपरा कुणी उडवला?"

"शेळ्या येतात," नान्नो म्हणाली.

"हातोडा घेऊन?" फिलिन्ना म्हणाली. लोक हसले.

"असू दे, शेवट शाबूत आहे," देक्सिओस म्हणाला. "ही जुनी लिहायची तऱ्हा. नांगराच्या तासाच्या टोकाला बैल वळतो, तशी दुसरी ओळ उलटी फिरते. ही उजवीकडून डावीकडे जाते. शेवट इकडे, डाव्या टोकाला. आणि ही बघा फणी! एकीनंच वाहिलं."

"ऐकलंस?" नान्नो ओरडली. "एकीनं!"

"हो, पण कुठल्या एकीनं? नाव सुरू होत होतं ते त्या उजव्या, फुटक्या कोपऱ्यात."

"तिथं पाय फाकलेलं अक्षर होतं! टोकापासून दुसरं!" नान्नो म्हणाली.

"मग ते तुमचंच नाव, मावशी. ते 'आ'चं अक्षर, नान्नोमध्ये 'न'नंतर लगेच दुसरं. फिलिन्नामध्ये ते पार शेवटी येतं." देक्सिओसने मान वर केली. "पण तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही ते बघितलंत कधी?"

"हो ना, ताई," फिलिन्ना गोड आवाजात म्हणाली. "कधी गं बघितलंस?"

सगळं गाव नान्नोकडे बघत होतं. मेलित्ताही बघत होती. खरं सांगितलं, तर पोरीला देवळाची पायरीसुद्धा बंद.

"मला काय कळतंय अक्षरातलं," नान्नो म्हणाली.

फिलिन्नाने वेदीवर हात ठेवून, मूर्ती मी एकटीनं वाहिली, अशी बेधडक शपथ घेतली आणि आपल्या नातीला पुढे ढकललं. मेलित्ता रडायला लागली. नान्नोने तिला जवळ ओढलं. बाबांनी नान्नोचं एकटीचंच नाव घातलं होतं.